धुऱ्यावरचा कॅमेरा

काठी आधी काउंटरच्या काचेवर पडली. काच फुटली, आणि मागे बसलेला नितेश काही बोलणार तेवढ्यात दुसरा तडाखा त्याच्या कपाळावर बसला. तो खुर्चीसकट भिंतीवर आदळला. शेखर एकटाच आला होता, पण दुकान फोडायला तो एकटा पुरेसा होता. कालच बापाचा दहावा झाला होता. मुंडण केलेलं डोकं घामाने चकाकत होतं.

"कुठी हाये तो लॅपटॉप?"

लॅपटॉप टेबलावर होता, पण पोट उघडं आणि रिकामं. नितेशची कामाची रीतच तशी. व्हायरसने बंद पडलेलं मशीन तो चालू करायच्या भानगडीत पडत नसे. आधी डिस्क बाहेर काढायची, आपल्या कॉम्प्युटरला वायरने जोडायची आणि आत काय वाचलंय ते बघायचं. ती तळहाताएवढी डिस्क टेबलावर घरघरत होती. तिच्यापुढे, शेखरकडे तोंड करून, माणिकबाई उभ्या राहिल्या. साठीची बाई, गुडघ्यांनी अधू, पण तसूभर हलायला तयार नव्हती.

"मोठीआई, बाजूले हो. तुह्यावर हात नाई उचलाचा मले."

"उचल ना. उचलून पाह्य."

भांडण धुऱ्याचं, म्हणजे बांधाचं होतं. माणिकबाईंचं शेत आणि त्यांचा चुलत दीर खुशालराव यांचं शेत यांच्यामध्ये दीड हात रुंदीचा धुरा. त्या दीड हातासाठी दोन घरांनी वीस वर्षं एकमेकांच्या लग्नाला जाणं सोडलं होतं. मागच्या पंधरवड्यात खुशालराव चौकात सगळ्यांसमोर ओरडले, "आज त्या अमोल्याचा मुडदाच पाडतो," आणि कुऱ्हाड घेऊन शेताकडे गेले. संध्याकाळी धुऱ्यावर मुडदा त्यांचाच सापडला. माणिकबाईंचा अमोल पोलिसांना म्हणाला, ते अंगावर आले, मी कुऱ्हाड हिसकली, झटापटीत लागली. साक्षीदार कोणी नव्हता. मोटारीची केबल दोनदा चोरीला गेली म्हणून अमोलने विहिरीजवळच्या लिंबावर बसवलेला कॅमेरा तेवढा होता. चित्रण घरच्या लॅपटॉपमध्ये साठायचं. पोलिसांना त्याची खबर नव्हती, आणि अमोलनेही ती दिली नव्हती. घाबरलं पोर, विसरलं असेल, असं माणिकबाईंनी धरलं.

अमोलला नेल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्याच्या बायकोने, पौर्णिमाने, मोबाइलवर आलेली एक लग्नपत्रिका मोठ्या पडद्यावर बघावी म्हणून त्या लॅपटॉपवर उघडली. नंबर अनोळखी होता, पण आडनाव सोयऱ्यांतलं. घरावर आभाळ कोसळलेलं असलं तरी आलेली पत्रिका न बघता ठेवायची म्हणजे त्या घराचा अपमान. आमच्याकडे कोणी तसं करत नाही. पत्रिकेत वर नव्हता, वधू नव्हती, व्हायरस होता. लॅपटॉप जो बंद पडला तो पडलाच. माणिकबाईंनी तो लुगड्यात गुंडाळला आणि नांदगाव खंडेश्वरहून एस.टी.ने अमरावतीला आणला. एकुलता एक लेक खुनात अडकला होता, आणि त्याला सोडवणारी गोष्ट त्या डब्यात कोंडली होती. गावात कोण कशासाठी बाहेर पडलं हे कळायला वेळ लागत नाही. खुशालरावांचा मुलगा शेखर मागच्या एस.टी.ने आला.

त्यालाही ठाऊक होतं आत काय असणार. बाप कुऱ्हाड घेऊन निघाला तेव्हा तो दारातच होता. पडद्यावर बाप कुऱ्हाड उगारताना दिसला की अमोल सुटणार आणि मेलेला बाप गुन्हेगार ठरणार.

काठी खाली आली. माणिकबाईंनी उजवा हात आडवा घातला. हाड मोडल्याचा आवाज नितेशने स्पष्ट ऐकला. बाई ओरडल्या, खाली बसल्या, पुन्हा उठल्या आणि पुन्हा डिस्कपुढे उभ्या राहिल्या. शेखरने परत काठी उगारली.

ती वरच थांबली. तो माणिकबाईंच्या डोक्यावरून मागे बघत होता. माणिकबाई वळल्या.

नितेशने मघाशी उघडायला लावलेली फाइल आता कुठे पडद्यावर सुरू झाली होती. उन्हाने पांढरा पडलेला धुरा. खुशालराव आले, कुऱ्हाड हातात. इकडेतिकडे पाहिलं. कोणी दिसेना, तसे उकिडवे बसले, कुऱ्हाड बाजूला ठेवली आणि तंबाखू मळू लागले. राग ओसरलेला माणूस बसतो तसे ते बसले होते. मागून अमोल आला. चपला त्याने हातात घेतल्या होत्या. त्या हळूच खाली ठेवल्या, कुऱ्हाड उचलली आणि घातली. खुशालराव आडवे झाल्यावरही तो घालत राहिला. माणिकबाईंनी सगळे घाव मोजले नाहीत. चौथ्या घावाला त्यांनी डोळे मिटले.

शेखरच्या हातून काठी गळून पडली. "बाबा तंबाखू मळून राह्यले होते," तो म्हणाला. आणि हंबरडा फोडून रडू लागला. अकरा दिवसांत तो पहिल्यांदा रडत होता.

माणिकबाईंच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. त्यांनी कपाळाचं रक्त पुसणाऱ्या नितेशला विचारलं, "याची दुसरी कापी काढली का रे तू?"

"नाई काढली बाई अजून. आताच तर उघडलं."

शेखरने चटकन मान वर केली. रडणं विसरून त्याने झेप घेतली, वायर उपसली आणि डिस्क पोटाशी धरून कोपऱ्यात अंग आखडून बसला. माणिकबाईंनी खाली पडलेली काठी डाव्या हाताने उचलली आणि त्याला मारायला सुरुवात केली.