शेषरावची बंडी

“वैनीनं सुईले हात लावायचा नाही,” खुशालराव म्हणाला. “ह्यानंच बेतायची, ह्यानंच शिवायची.”

“मंग आना की कापड,” ओसरीवर मांडी घालून बसलेला माणूस म्हणाला.

महादेवरावांचा मुलगा शेषराव नऊ वर्षांपूर्वी बैलांच्या तांड्याबरोबर कापूस घेऊन मिर्झापूरकडे गेला, तो परतलाच नाही. आणि आता, अकोल्याच्या बाजारात कापसाला सोन्याचा भाव आल्यावर, हा उगवला. म्हणे, मीच शेषराव. देवीच्या फोडांनी चेहऱ्याची चाळण झालेली, आवाज घोगरा. उंची तेवढी जुळत होती. पण उंचीचं काय, ती खांबाचीही जुळते.

म्हातारे महादेवराव डोळ्यांनी आंधळे. हा शेषराव नव्हे असं पंचांनी ठरवलं, की काळ्या मातीचं सगळं वावर पुतण्याकडे, म्हणजे खुशालरावाकडे जाणार होतं. शेषरावाची बायको मनकर्णा, तिला माहेरी कुणी उरलं नव्हतं. “वैनी, आमच्या गोठ्यात शेन काढाले मानूस लागतेच,” असं खुशालरावानं आधीच ऐकवून ठेवलं होतं.

तोड म्हाताऱ्यानंच काढली. शेषरावाला बंडीचा भारी शौक. उभ्या गळ्याची, दोन खिशांची, अंगाला चापून बसणारी बंडी घालून तो गावभर मिरवायचा आणि विचारील त्याला सांगायचा, “घरीच शिवली, सोता.” कुणब्याच्या पोरानं शिंप्याच्या तोंडात मारली म्हणून लोक कौतुक करायचे. मग आता घोडामैदान जवळच होतं. शेषराव असेल तर शिवील.

मनकर्णा समोरच्या खांबाशी बसली, हात सगळ्यांना दिसतील असे मांडीवर ठेवून. तिला ना धाकधूक होती, ना आशा. रडणं तिसऱ्या वर्षीच आटलं होतं. त्यानंतर ती पेरणी करायची, वेचणी करायची, सासऱ्याला जेवू घालायची. आत सगळं बधिर.

माणसानं अंगातली फाटकी बंडी काढून जमिनीवर पसरली, तिच्यावरून माप घेतलं आणि नव्या कापडावर कोळशानं रेघा ओढल्या. कात्री वाकडी गेली. काखेचा घेर चुकला. मग सुई बोटात घुसली, रक्त आलं.

“झालं! निंगालं पितळ उघडं,” खुशालराव म्हणाला.

मनकर्णा एकटक पाहत होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिच्या छातीत काहीतरी हललं. त्या दिवशी तिला भाकर गेली नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं चुकलेलं उसवलं आणि पुन्हा शिवायला घेतलं. आता हात बसला होता. बारीक पाठटाका, सगळे सारखे. खांदे जुळले, गळा ताठ उभा राहिला. तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत काजं झाली, घुंड्या लागल्या. मनकर्णेच्या छातीतलं ते हललेलं केव्हाच निवलं होतं. त्यानं बंडी अंगात घातली, तेव्हा पंचांपैकी एकानं तर कापड कुठलं म्हणून चौकशी केली.

महादेवरावांनी गळ्यापासून खालपर्यंत शिवण बोटांनी चाचपली. एका जागी बोट थांबलं. खुशालराव पुढे सरकला.

“माहा शेषराव,” म्हातारा म्हणाला, आणि त्याच्या खांद्यावर डोकं टेकून रडला.

“सूनबाई, तुहं काय म्हननं हाये?” पंचांनी विचारलं.

“हेच हायेत,” मनकर्णा म्हणाली. खुशालरावानं पागोटं उचललं आणि तो निघून गेला.

दिवे लागायच्या आधी माणूस जेवायला बसला. सासरा ओसरीवर होता, आत दोघंच. तिनं भाकर वाढली.

“मले तुहाच धाक होता,” तो खालमानेनं म्हणाला. “बंडी बिघडली असती, त तुही खात्री पटली नसती.”

“बिघडली असती तरच पटली असती,” मनकर्णा म्हणाली. “त्याहिले सुईत दोराही ओवता येत नोता. सगळ्या बंड्या मीच शिवत होती. खा आता, भाकर थंडी होऊन राहिली.”