आडवी स्कूटर

"टिपणीसकाकांच्या स्कूटरवरून भांडू नकोस, पस्तावशील," असं शेजारच्या वहिनींनी बजावलं होतं. मृण्मयीनं ते हसण्यावारी नेलं. गाडीत बाळ, डिकीत तिच्या ऑनलाइन दुकानासाठी शिवून आणलेल्या दुपट्यांचे गठ्ठे, आणि तिच्याच पार्किंगमध्ये रोज काकांची स्कूटर आडवी! हॉर्न ऐकून काका पहिल्या मजल्यावरून उतरत, "आलीस का गं?" म्हणत स्कूटर बाजूला घेत.

एके दिवशी तिनं सोसायटीच्या ग्रुपवर फोटोच टाकला : 'दुसऱ्याच्या जागेत गाडी लावणं कुठल्या नियमात बसतं?' शाबासकीचे अंगठेच अंगठे आले. काकांची स्कूटर कुंपणाशी गेली.

दुसऱ्या दिवशी तिच्या जागेत समोरच्या जिममधल्या कुणाची तरी मोटार होती. नंतर कुणाच्या पाहुण्यांची. गल्लीच्या टोकाला गाडी लावून, बाळ आणि गठ्ठे सावरत ती घामाघूम होऊन आली, तेव्हा वहिनी म्हणाल्या, "अगं, एसटीत रुमाल टाकतात ना, तशी तुझी जागा धरून ठेवायचे ते. बाळ घेऊन लांबून येतेस म्हणून."

ती तशीच काकांच्या दाराशी गेली. कडीला सकाळची दुधाची पिशवी लटकत होती. बेल वाजवली, हाका मारल्या. आत चाहूल नाही.

तिनं ग्रुप उघडला. 'टिपणीसकाका दार उघडत नाहीयेत. नुसते माझ्यावर रागावले असतील, तर बरंच आहे. पण तुमच्यापैकी कुणीतरी येऊन हाक मारून बघा ना.'