शालनचा अख्खा मसूर

मटणाचा टोप मी दुसऱ्यांदा गरम करत होते, तेवढ्यात हे मिशा पुसत वरच्या मजल्यावरून खाली आले. "शालननं आज अख्खा मसूर केलाय. बोटं चाटत राहावं असा!"

शालन माझी धाकटी जाऊ. सासरे आतड्याच्या कॅन्सरनं गेले, तेव्हा डॉक्टरांनी दोघा भावांना बजावलं होतं, "मटण कमी करा. कडधान्यं, पालेभाज्या, भाकरी वाढवा. हमी नाही देत, पण धोका कमी होईल." तेव्हापासून शालनचा भाव वधारला. मटणात माझा हात धरील असं गल्लीत कुणी नव्हतं, आणि आता माझाच नवरा दर रविवारी जिना चढून तिच्याकडं जेवायला जात होता. नुसता जळफळाट व्हायचा माझा.

"एवढं काय लागून गेलंय त्यात?" म्हणत मी तरातरा वर गेले. तिला न विचारताच पातेल्यातला मसूर वाटीत घेतला. नावं ठेवायला म्हणून पहिला घास घेतला आणि तिथंच थांबले. भाजलेल्या खोबऱ्याची, लसणाची ती चव मी झोपेतसुद्धा ओळखली असती.

"तुमचीच कांदा-लसूण चटणी, आक्का," शालन म्हणाली. "उन्हाळ्यात कुटून दिलेली. ती घातल्याशिवाय भाऊजी ताटाला हात लावत नाहीत. बरणी संपत आलीय बघा."

मी खाली आले.

"काय, कसा होता मसूर?" ह्यांनी विचारलं.

"मीठ कमी होतं," मी म्हटलं, आणि तिच्यासाठी दुसरी बरणी भरायला घेतली.