बाहुली की भातुकली

इतवारीतल्या खेळण्यांच्या दुकानात सत्यवती हात पदरात गुंडाळून कधीची उभी होती. बाहुली काढायला लावली, मग भातुकली, मग चाबीचं माकड. पुन्हा बाहुली.

"पोरगी केवढी हाये?" दुकानवाल्या कांताबाईंनी विचारलं.

"चार वर्षांची."

"बाहुली आवडते तिले?"

"मालूम नाही."

"मंग भातुकली खेळते?"

"तेही मालूम नाही."

कांताबाई वैतागल्या. "कशी माय हायेस वं तू? पोरीचं काहीच मालूम नाही तुले?"

सत्यवतीनं घाबरून बाहुलीच घ्यायला हात पुढे केले. दोन्ही हात हळदीनं पिवळे होते.

"हळद लागल्यावर घराबाहेर काहून निघालीस वं?"

"तिची माय मी उद्या होणार हाओ, मावशी. रिकाम्या हातानं कशी जाऊ तिच्यासमोर?"