कठड्यावरचं धपाटं

“आता जेवू,” असं म्हणून कल्याणनं मत्स्यालयाबाहेरच्या कठड्यावर फडकं सोडलं. पोरांना द्यायच्या आधी त्यानं एक धपाटं काढलं, त्यावर दही घातलं आणि कठड्याच्या पार टोकाला नेऊन ठेवलं. मग तो झाडांकडं बघत उभा राहिला. एवढं मोठं प्राणिसंग्रहालय, वाघापासून मगरीपर्यंत सगळं कोंडून ठेवलेलं. आणि ज्याच्यासाठी तो शहागडहून एसटीत उभ्यानं आला होता, तो कावळा काही दिसेना.

त्याची बायको मीना डेंग्यूनं गेली त्याला सव्वा महिना झाला होता. दहाव्याला गोदाकाठी पिंड ठेवला, तर कावळा शिवेना. समोरच्या बाभळीवर चांगले पाच-सहा बसले होते, पण एक खाली उतरेल तर शपथ. म्हणजे बाईची काहीतरी इच्छा राहिली. तिचा भाऊ म्हणाला, पोरांना अंतर देणार न्हाई. कल्याण म्हणाला, दुसरं लग्न करणार न्हाई. कावळे आपले ढिम्म. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला टेकवला आणि लोक आपापल्या घरी गेले.

कल्याणच्या जिवाला तेव्हापासून घोर लागला. मीना कशात अडकली असेल? घास तोंडात नुसता फिरायचा. मग एक दिवस त्याला आठवलं, दर उन्हाळ्यात ती म्हणायची, “अहो, पोरांला एकदा वाघ-सिंह दाखवून आणा की.” तेवढी एकच हौस राहिली होती. ती पुरी करून तिला सोडवायला तो आज आला होता.

साधनानं सकाळपासून एक पिंजरा सोडला नव्हता. सातवीतली पोर. प्रत्येक पाटी मोठ्यानं वाचायची आणि पाच वर्षांच्या हरिओमला समजावून सांगायची. मत्स्यालयाच्या अंधारात काचेला नाक लावून तिनं माशांची इंग्रजी नावंसुद्धा धडाधड वाचली, तेव्हा मागचे लोकही ऐकत थांबले.

“पप्पा, मोठी झाल्यावर मी माशांचंच शिकणार,” ती म्हणाली.

“बराबर,” कल्याण म्हणाला. त्याचं लक्षच नव्हतं. तो दिवसभर हायवेवरच्या पंक्चरच्या दुकानात, घरी त्याची म्हातारी आई द्वारकाबाई, तिला धड दिसत नाही. हरिओमचं न्हाणं-जेवण साधनाकडं आलं होतं. मीना गेल्यापासून पोर शाळेत किती वेळा गेली, हे तिला एकानंही विचारलं नव्हतं.

कावळा आला. समोरच्या पिंजऱ्याच्या छतावर बसला आणि मान वाकडी करून धपाट्याकडं बघू लागला.

कल्याणनं घाईघाईनं हात जोडले. “मीना, आणलं बघ पोरांला. समदं दाखवलं. आता तरी घे.”

कावळा जागचा हलला नाही. कल्याण हात जोडून उभाच. येणारेजाणारे बघत होते. बराच वेळ गेला, तसा तो मटकन खाली बसला आणि भर बागेत, परक्या माणसांसमोर रडायला लागला.

“आता आणखी काय देऊ गं तुला? माझ्यापाशी काहीच न्हाई.”

साधना हरिओमला भरवत होती. तिनं त्याच्या हातात उरलेलं धपाटं दिलं, ओढणीला हात पुसले आणि कठड्यापाशी गेली. हात जोडले. वर्गात धडा वाचावा तशी स्पष्ट म्हणाली, “आई, तू काळजी नको करू. हरिओमला मी बघते. मी उद्यापासून शाळेत जात न्हाई.”

कावळा उतरला.

कल्याण ताडकन उठला. ज्याला गोदाकाठी तासभर हात जोडले होते, त्याच्यावर त्यानं पायातली चप्पल काढून भिरकावली. “हाड! हाड!” ओरडत तो वेड्यासारखा धावला. चप्पल कठड्यावर आपटली. कावळा उडाला, पण धपाट्याचा तुकडा त्याच्या चोचीत होता.

“हाकलू नका पप्पा,” साधना हसून म्हणाली. “शिवला.”