राजाचा वेष

“त्या सोंगात उभी राह्यलीस तर शाळेतून नाव काढून टाकीन तुझं. समजलं?” वामनराव गरजले.

“सोंग नाही बाबा, नाटक हाये. वर्गात शिकवतात आमाले,” जयवंता म्हणाली.

“नाटकाचं नाव माह्या घरात काढाचं नाही!”

“नाव नाही काढत. करूनच दाखवीन.”

वामनरावांचा हात वर उठला. परंतु कन्येने मान वळविली नाही, तेव्हा तो आपसूकच खाली आला.

अमरावतीच्या वेशीबाहेर वामनरावांचा भाजीफुलांचा मळा होता. तरुणपणी ते आपले गाव हिवरखेड सोडून कित्येक वर्षे खानदेशाकडे कोठल्याशा व्यापारात होते, असे घरात सांगितले जाई. त्या काळाविषयी ते स्वतः चकार शब्द काढीत नसत. स्वभाव अत्यंत कडक. पत्नी पार्बताबाई हिच्या लुगड्याच्या निऱ्या किंचित वाकड्या पडल्या, तरी तिला टोकल्यावाचून त्यांना चैन पडत नसे.

मुलींच्या हायस्कुलात त्या वर्षी मुख्याध्यापिका माणिकबाई यांनी नाट्यशिक्षणाचा वर्ग उघडला होता. त्यावरून गावात मोठेच वादळ उठले. अखेर असे ठरले की, नागपूरच्या शाळा-तपासनीस बाईंनी संमेलनातील नाटक समक्ष पाहावे. त्यांना रुचले तर वर्ग चालेल, न रुचले तर बंद होईल. प्रयोग दुपारचा आणि केवळ स्त्रियांसाठी. नाटक माणिकबाईंनी स्वतः रचलेले; आणि त्यातील वेढ्यात सापडलेल्या राजाची भूमिका जयवंतेकडे होती.

संमेलनाच्या दिवशी सकाळी वामनराव न्हाव्याकडून परतले ते मिशी उतरवूनच.

“दूरचा काका वारला. हिवरखेडले जातो,” एवढे बोलून, बगलेत गाठोडे मारून ते निघून गेले.

“दूरच्या काकासाठी मिशी?” पार्बताबाई पुटपुटली. मग ती लेकीकडे वळली. “अन् तू सुतकात नाटक करतं? बाप गावाले गेला म्हणून फावलं तुले!”

“बाबा दारात आडवे पडले असते तरी गेली असती, माय.”

“नाव काढीन म्हनते ना तो! मंग बसशील जन्मभर वांगे तोडत.”

“वांगे तोडीन. पन आज राजा होईन.”

शाळेच्या दिवाणखान्याच्या खिडक्यांना बाहेरून कोणी डोकावू नये म्हणून घोंगड्या ठोकल्या होत्या. आत गॅसबत्तीचा भगभगीत उजेड केवळ रंगमंचावर पडत होता. दारात शाळेची शिपाईण गंगूबाई काठी घेऊन उभी होती.

“मिशीवाला दिसला का पयले काठी, मंग विचारपूस!” ती सर्वांना बजावीत होती.

“मग आमच्या राजाला पण हाणशील काय?” एका मुलीने पडद्याआडून विचारले, आणि खोट्या मिशीतल्या जयवंतेसह सगळ्याजणी खदखदल्या.

इतक्यात एक प्रौढ बाई दारातून आत आल्या. अंगावर नेटके नेसलेले लुगडे, डोळ्यांवर चष्मा, पदर कपाळापर्यंत ओढलेला, चालणे असे भारदस्त की गंगूबाईची काठी आपोआप खाली झुकली. माणिकबाई लगबगीने पुढे झाल्या.

“यावे, यावे! आम्ही केव्हाची आपलीच वाट पाहत होतो.”

बाईंनी केवळ मान लवविली. थोरामोठ्यांचे मौन जाणून माणिकबाईंनी त्यांना अगदी पुढच्या खुर्चीवर बसविले.

प्रयोग रंगात आला असता बाहेर आरडाओरड सुरू झाली.

“पोरी नाचवता काय बे!” कोणीतरी ओरडले, आणि टिनाच्या छपरावर खडे ताडताड वाजू लागले.

राणी झालेली मुलगी किंचाळून आत पळाली. प्रधानही पळाला. प्रेक्षकांतील बायका पोरे सावरीत उठू लागल्या. रंगमंचावर जयवंता एकटीच उरली. तिने तलवार उपसली, आणि पुढचे वाक्य खड्यांच्याही वर चढवून उच्चारले,

“वेढा पडला म्हणून हा राजा गुडघे टेकणार नाही!”

पुढच्या खुर्चीतून टाळी उठली. एकच, ठणठणीत. दुसरी उठली. मग साऱ्या बायका खाली बसल्या आणि टाळ्यांच्या कडकडाटात खड्यांचा आवाज ऐकूही येईना. राणी परत आली; प्रधानही लाजत परतला. नाटक शेवटपर्यंत झाले.

पडदा पडताच माणिकबाईंनी जयवंतेचा हात धरला. “चल, राजवेषातच चल. बाईंच्या पाया पड. वर्गाचे भवितव्य त्यांच्या हाती आहे.”

“अन् माह्यं, बाई?” जयवंता म्हणाली. “उद्या बाबा नाव काढतीन माह्यं.”

“ते उद्या पाहू.”

तेवढ्यात गंगूबाई दारातून धावत आली. “अवो बाई! टांग्यातून नागपूरच्या तपासनीस बाई उतरून राहिल्या! बडनेऱ्याले गाडी चुकली म्हनतात!”

माणिकबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. “मग ह्या कोण?”

परंतु जयवंता तोवर खुर्चीपाशी जाऊन पाया पडण्यासाठी वाकली होती. त्या बाईंनी तिच्या हनुवटीखाली हात घालून तिचे मस्तक वर उचलले. तो हात मळ्यातल्या कुदळीने घट्टे पडलेला होता.

“मान खाली घालू नको, जयवंते,” ती बाई वामनरावांच्या आवाजात म्हणाली. “मी नाटक कंपनीत राणी व्हायचो तवा आमचा राजा कोनापुढंच वाकत नव्हता.”