डावं बटण

पत्रे दाबून आकार देणाऱ्या त्या प्रेसला दोन बटणं होती आणि दोन्ही एकदम दाबल्याशिवाय ती खाली येत नसे. दोन्ही हात बटणांवर गुंतले की साच्यात एकही राहत नाही, एवढाच त्यामागचा हेतू. पण काम भराभर उरकावं म्हणून प्रेसवाल्या काकांनी डाव्या बटणात लाकडी पाचर ठोकली होती. सगळेच ठोकायचे. सुपरवायझर बघून न बघितल्यासारखं करायचा.

मग उरायचं फक्त उजवं. ते दाबण्याआधी काका त्यावर दोनदा टिचकी मारायचे. जुनी खोड.

आज तपासणी होती. "काका, पाचर काढा तेवढी," जेवणाच्या सुट्टीत सुपरवायझर म्हणाला. "पाहुणे गेले की आहेच आपलं."

"इतक्या वर्षांत कुणाला खरचटलं तरी का?" पुटपुटत काकांनी पाचर उपटून खिशात टाकली. सुपरवायझर निघून गेला.

बटण वर आलं नाही.

त्यांनी त्यावर बोट फिरवलं. ते उबदार होतं, कुणीतरी बराच वेळ दाबून धरल्यासारखं.

"गंजलंय मेलं," काका म्हणाले. साच्यात एक पत्रा अडकला होता. मशीन बंद न करताच, नेहमीसारखा, त्यांनी डावा हात आत घातला. पत्र्याच्या कडेत हातमोजा अडकला. उजव्या हाताने ते कपाळावरचा घाम पुसत होते.

शेड अगदी शांत होती. म्हणूनच उजव्या बटणावरच्या दोन टिचक्या त्यांना स्वच्छ ऐकू आल्या.